फिट सांगायची सवय

आधीच सांगते, मी रडगाणं गायला बसलेली नाही. मी रडले नाही असं नाही, चांगली हमसून हमसून रडले, ते पुढे येईलच. पण हे लिहितेय ते रागाने. थोडा राग लोकांवर, आणि बराचसा स्वतःवर.

मी नंदा. निमलष्करी दलाच्या महिला बटालियनमध्ये बावीस वर्षं काढली आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. माहेर वर्ध्याकडचं. नवरा नागपूरचा, पण नोकरी भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात, फिटरची. त्यांची सगळी वर्षं बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये गेली आणि माझी देशभर तंबूत. सुट्टीवर आले की तेवढ्यापुरता आमचा संसार. दोघंही निवृत्त झालो तेव्हा आनंद नगरच्या पुढे, रायसेन रोड सोडून बरंच आत, एका गावात तीन एकर जमीन घेतली. लोक म्हणाले, म्हातारपणी माणसं शहरात येतात आणि हे दोघे उलटे चालले. म्हटलं, तुमचं शहर तुम्हाला लखलाभ.

शहर का जवळ असावं लागतं, ते मला नंतर कळलं.

पट्टा

सोयाबीनवर फवारणी चालली होती. पंप मीच पाठीला लावते, कारण ह्यांचे गुडघे कामातून गेलेत आणि गडी फवारतो ते अर्धं बांधावर. पंपाचा पट्टा खांद्यावरून काखेखाली येतो. त्या दिवशी डाव्या बाजूला तो सारखा कशावर तरी घासत होता. आधी वाटलं, ब्लाउजची शिवण असेल. घरी येऊन अंघोळीला बसले आणि हात लावून पाहिला. शिवण नव्हती. आत, काखेच्या जरा अलीकडे, चिंचोक्याएवढं काहीतरी होतं. टणक. दाबलं तरी दुखत नव्हतं.

दुखत नाही म्हणजे काही नाही, असं मी ठरवून टाकलं. बायांनो, मी तेव्हा ठार चुकले. दुखत नव्हतं म्हणूनच पळत जायला हवं होतं.

पण मी काय केलं? पट्टा एक घर सैल केला आणि उरलेलं शेत फवारलं.

वार्षिक मेडिकल

आता हे असं का केलं, ते सांगायला मला थोडं मागं जावं लागेल. तुम्ही म्हणाल, अडाणी होतीस का? अजिबात नाही. मी बंदूक उघडून डोळे झाकून जोडायचे.

आमच्या दलात दरवर्षी मेडिकल होतं. त्यात पास झालात तर कागदावर ‘शेप-वन’ असा शेरा मिळतो. म्हणजे सगळ्या बाजूंनी फिट. तो शेरा गेला की प्रमोशनचा कोर्स गेला, चांगली पोस्टिंग गेली आणि वर पुरुष जवानांची बोलणी आलीच. ‘लेडीज़ का क्या है, आधी तो बीमार ही रहती हैं.’ हे वाक्य ऐकू येऊ नये म्हणून आम्ही काय काय केलं आहे! ताप असताना दौडलो. पाळीत पोटात कळा येत असताना रात्रंदिवस निवडणुकीच्या ड्युटीवर उभ्या राहिलो. एकीला कानातून पू येत होता, तिने मेडिकलच्या दिवशी डॉक्टरच्या ओठांकडे बघून उत्तरं दिली आणि पास झाली. आम्ही तिला खांद्यावर घेऊन बराकीत नाचलो होतो.

डॉक्टर विचारायचे, कोई तकलीफ़? आणि आम्ही छाती पुढे काढून म्हणायचो, नहीं सर, फिट.

मी तर हे नव्या पोरींना शिकवायचे. ट्रेनिंग सेंटरला दोन वर्षं उस्ताद होते तेव्हा माझ्या तुकडीला सांगितलेलं, “मेडिकल में सवाल कितने भी हों, जवाब एक ही है.” पोरी हसायच्या आणि पाठ करायच्या. त्या तुकडीत रामकली होती. रायसेन जिल्ह्यातलीच, काळीसावळी, काटक, माझ्या मागे सावलीसारखी असायची. योगायोग असा, की निवृत्तीनंतर ती माझ्या गावापासून चार कोसांवर तिच्या मुलाकडे राहायला आली. नवरा आधीच गेलेला. मुलगा शेती बघतो, मुलगी लग्नाची. आम्ही दोघी महिन्या-दोन महिन्यांनी भेटायचो, आठवणी काढायचो आणि सगळ्या कमांडंट लोकांना यथेच्छ शिव्या द्यायचो.

शिबिर

फवारणीनंतर दीडेक महिन्याने आमच्या भागात निवृत्त जवानांसाठी आरोग्य शिबिर भरलं. शाळेच्या वर्गात. मी आणि रामकली दोघी गेलो. सगळं शिबिर पुरुषांच्या हिशोबाने मांडलेलं. बीपीचं टेबल, साखरेचं टेबल, डोळ्यांचं, गुडघ्यांचं. दारात नावं लिहिणाऱ्या माणसाने आम्हाला विचारलं, “आपके पति किस यूनिट में थे?”

मी म्हटलं, “मेरे पति फ़िटर थे. यूनिट में मैं थी.”

तो बिचारा दोन वेळा वही आणि दोन वेळा माझं तोंड बघत राहिला.

बायकांसाठी कोपऱ्यात एक टेबल होतं. एक तरुण डॉक्टरीण, पंचविशीची असेल, आणि तिच्यामागे दोरीवर टाकलेली चादर. पंखा लागला की चादर वर उडायची, आणि पलीकडे वीसेक माणसं चहा पीत उभी. त्या चादरीमागे कोण बाई ब्लाउज सोडणार? पोरीची चूक नव्हती, तिला जे दिलं त्यात ती बसली होती. तिने मला सगळं विचारलं. पाळी कधी गेली, घरात कोणाला कॅन्सर होता का, छातीत गाठ वगैरे?

आणि माझा हात आपोआप मांडीला चिकटला, हनुवटी वर झाली, छाती पुढे आली.

“नहीं मैडम. फिट.”

खरं सांगते, हे शब्द मी ठरवून बोलले नाही. तोंडातून निघून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय बोलले. तेव्हाही परत फिरता आलं असतं. एक वाक्य तर बोलायचं होतं. पण मागे रांग होती, रांगेत माझ्या मागे रामकली होती आणि पलीकडे चहावाले होते. मी उठले. माझ्या मागून रामकली बसली आणि तिचंही उत्तर मी ऐकलं. “नहीं मैडम, फिट.”

कोणी मला प्रमोशन नाकारणार होतं का? कोणती पोस्टिंग जाणार होती? माझ्याकडे गमवायला काहीच नव्हतं, फक्त जीव होता. आणि तो वाचवायला बसलेल्या पोरीशी मी खोटं बोलले.

नरक चतुर्दशीची पहाट

आमच्याकडे दिवाळीच्या पहाटे तेल लावून उटण्याची अंघोळ होते. आमच्या गावात कोणी हे करत नाही, शेजारीण दरवर्षी विचारते, इतनी ठंड में क्यों मरते हो? पण आमच्या घरात ते सुटलेलं नाही. माझी मुलगी पल्लवी भोपाळमध्ये कोटरा सुल्तानाबादला राहते, शाळेत शिकवते. ती दिवाळीला आली की पाटावर मला बसवून तेल लावते. नोकरीत कितीतरी दिवाळ्या मी घरी नव्हते, त्याचं उट्टं ती अशी काढते.

मी टाळायला बघितलं. म्हटलं, यंदा माझं मी लावते.

“का गं? लाजतेस की काय?” म्हणाली आणि खांद्यावर तेल ओतलंच. पाठ झाली, दंड झाला. मग तिचा हात काखेखालून पुढे आला आणि थांबला.

“आई, हे काय आहे?”

मी तांब्या उचलून पाणी घ्यायला लागले.

“आई. कधीपासून आहे हे?”

“सोयाबीनच्या फवारणीपासून.”

ती तेलकट हात तसेच घेऊन न्हाणीच्या दाराशी उभी राहिली. चिंचोका आता लिंबाएवढा झाला होता, हे मला माहीत होतं. मी रोज मोजत होते आणि कोणाला सांगत नव्हते. पल्लवी मग जे बोलली ते मी जन्मात विसरणार नाही. “तू सगळ्यांना सांभाळायला बंदूक घेऊन जायचीस ना? मग मला आई नको होती का?” त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. फराळाचं ताट समोर आदळायची. पण त्या चारच दिवसांत तिने शाळेत रजा टाकली आणि सगळ्या दवाखान्यांच्या चौकशा करून ठेवल्या.

खिडकी

निवृत्त लोकांच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेतल्याशिवाय मोठ्या हॉस्पिटलात तपासणी होत नाही. आमच्या गावातून सकाळी एक बस, ती चुकली की संपलं. पहिल्या दिवशी खिडकीवरचा बाबू म्हणाला, ज्यांच्या नावाचं कार्ड आहे त्यांना आणा. मी म्हटलं, आणलंय, मीच ती. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, “फोटो तो लेडीज़ का है.”

“भैया, तो लेडीज़ ही तो खड़ी है!”

मागची रांग हसली. तो चिडला, आणि चिडलेला बाबू काय करतो ते तुम्हाला माहीतच आहे. एक कागद कमी निघाला. दुसऱ्या दिवशी कागद नेला तर चिठ्ठी देणारे डॉक्टर रजेवर. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी मिळाली, तर छातीचा फोटो काढायचं मशीन आठवड्यातून दोनच दिवस चालतं, आणि त्या आठवड्यातले दोन्ही झालेले.

मी सरकारी माणूस आहे, मला रांगेची सवय आहे. पण मी त्या बाकावर बसून विचार करत होते, की गावातल्या ज्या बाईला हिंदीत नीट भांडताही येत नाही, जिचा नवरा एका दिवसाची मजुरी बुडाली तर खेकसतो, ती तिसऱ्या दिवशी येईल का? नाही येणार. ती घरी जाऊन भाकरी थापेल आणि म्हणेल, दुखत तर नाहीये.

फोटो झाला, सुईने तुकडा काढून झाला आणि आम्ही रिपोर्टला गेलो. मी, आमचे हे आणि पल्लवी. मोठे डॉक्टर भले होते, पण रिपोर्ट हातात घेऊन बोलायला लागले ते ह्यांच्याशी. “देखिए, आपकी मिसेज़ को...”

मी म्हटलं, “डॉक्टर साहब, मिसेज़ इधर है. बीमारी मेरी है, मुझसे बात कीजिए.”

त्यांनी खुर्ची वळवली. हे मी त्यांच्या बाजूने सांगते. खुर्ची वळवली, चष्मा काढला आणि मला सरळ सांगितलं. कॅन्सर आहे, काखेतही थोडा पोचलाय, डावा स्तन काढावा लागेल, मग केमो, मग किरणांचे शेक. मी विचारलं, आधी आले असते तर? ते म्हणाले, कदाचित एवढं काढावं लागलं नसतं.

बाहेर आल्यावर हे पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर डोकं टेकवून रडायला लागले. सगळ्यांसमोर, मोठ्याने. मी म्हटलं, “अहो, गप्प बसा, लोक बघताहेत, वाटेल मी मेलेच.” आणि मग माझंच अवसान गळलं. तिथेच, दोन स्कूटरच्या मध्ये खाली बसले आणि रडले. मला मरायचं नव्हतं हो. एवढी वर्षं तंबूत काढून आता कुठे स्वतःच्या घरात चूल मांडली होती. पल्लवी आम्हा दोघांच्या मध्ये उभी राहून कोणाला आधी उठवावं, ते बघत होती.

कापडी पिशवी

ऑपरेशन झालं. त्यातलं फार सांगत नाही, सगळ्यांचं सारखंच असतं. काखेतून एक नळी बाहेर काढतात आणि तिच्या टोकाला बाटली असते, त्यात पाणी साचतं. ती बाटली हातात धरून संडासला जायचं, हातात धरून चालायचं. मला त्या बाटलीचीच जास्त लाज वाटायची.

आमच्या ह्यांनी दुसऱ्या दिवशी पल्लवीच्या घरच्या मशीनवर बसून जुन्या पडद्याची एक पिशवी शिवली. गळ्यात अडकवायचा पट्टा, खाली बाटलीच्या मापाचा कप्पा, नळीला पीळ पडू नये म्हणून बाजूला फट. शेवटी फिटर माणूस, मापात चूक नाही. वॉर्डातल्या बाकीच्या बायांनी बघितलं आणि मागितलं. माझी सुट्टी होईपर्यंत ह्यांनी सात पिशव्या शिवल्या. पडदे संपले तेव्हा पल्लवी म्हणाली, “बाबा, आता माझी चादर घ्याल तर बघा हं.”

हाच माणूस गावात मात्र सगळ्यांना सांगत होता की नंदाला कावीळ झालीय. मला हे कळलं तेव्हा मी त्यांच्याशी कडाडून भांडले. म्हणाले, “अगं, लोक नाही नाही ते बोलतात.” मी म्हटलं, “बोलू दे ना! मी चोरी केलीय का? कावीळ म्हणे. उद्या टक्कल पडेल तेव्हा काय सांगाल, कावीळ डोक्यात गेली?” त्यावर त्यांना हसू आलं आणि भांडण तिथेच मोडलं. पण संध्याकाळी ते एकटेच गॅलरीत बसून होते, जेवले नाहीत. घरातल्यांचंही हे आजारपणच असतं, फक्त त्यांना कोणी केसपेपर देत नाही.

केमोच्या दिवशी सकाळी सहाला नंबर लावायचा, दहाला खुर्ची मिळायची, चारपर्यंत सलाईन. तोंडाची चव जायची, पाण्याला लोखंडाचा वास यायचा. केस दुसऱ्या केमोनंतर उशीवर राहिले. उरलेले मी पल्लवीला कापायला लावले. म्हटलं, भरतीच्या दिवशी पण असेच कापले होते, तेव्हा कोणी रडलं नव्हतं. ती रडलीच.

रामकली आली

तिसऱ्या केमोनंतर रामकली मला बघायला कोटऱ्याला, पल्लवीकडे आली. दोन बस बदलून, हातात घरच्या तुपाचा डबा. माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, “दीदी, रंगरूट लग रही हो.” आम्ही खूप हसलो. मग पल्लवी चहा ठेवायला आत गेली आणि रामकलीने पदर चाचपडत हळूच सांगितलं.

“दीदी, मेरे भी है.”

“काय आहे?”

“गाँठ. दाईं तरफ़. कैंप से पहले से है.”

स्वतःचा रिपोर्ट ऐकताना जेवढी घाबरले नव्हते, तेवढी तेव्हा घाबरले.

“मग शिबिरात बोलली का नाहीस? मूर्ख! डॉक्टर समोर बसली होती!”

ती शांतपणे म्हणाली, “आपने नहीं बोला, तो मैं कैसे बोलती?”

“मला आहे हे तुला कुठे माहीत होतं?”

“पता था. आप बायाँ हाथ दबाकर चल रही थीं. मैंने सोचा, दीदी छुपा रही हैं तो छुपाने में ही भलाई होगी.”

बायांनो, बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या अंगावर दगड आले आहेत, लाठ्या आल्या आहेत. कशाने एवढं लागलं नाही. त्या पोरीला खोटं बोलायला मी शिकवलं होतं. आणि तिने माझं खोटं ओळखूनही त्यालाच आदेश मानला.

मी म्हटलं, उद्याच इथे तपासायला चल. ती म्हणाली, घरी विचारून सांगते. आठ दिवस गेले, फोन नाही. मी केला तर तिच्या मुलाने, महेशने उचलला. “अम्मा ठीक हैं आंटी. आप अपना ध्यान रखिए.” पुन्हा केला, तर अम्मा शेतात. पुन्हा केला, तर अम्मा झोपली.

तिच्या घरी

डॉक्टरांनी मला गर्दीत जायला मनाई केली होती, रक्तातल्या पेशी कमी होत्या. पल्लवी म्हणाली, “आई, तू वेडी आहेस का? फोनवर समजाव.” मी म्हटलं, फोन तिचा मुलगा उचलतो. शेवटी ह्यांनीच ओळखीची जीप केली, मला मास्क बांधला आणि शेजारी बसले.

रामकलीच्या अंगणात महेश खत उतरवत होता. मला बघून त्याने पोतं खाली ठेवलं. मग म्हणाला, “आंटी, समझा करो. छोटी की बात चल रही है. लड़के वालों को पता चला कि माँ को ये बीमारी है, तो कहेंगे ख़ून में है. शादी हो जाए, फिर दिखा देंगे.”

“लग्न कधी?”

“अगली सर्दियों में.”

“तोपर्यंत तुझी आई राहील का?”

तो परत पोत्याकडे वळला. तेवढ्यात दारातून त्याची बहीणच बाहेर आली, पिठाच्या हातांनी. “भैया, मेरे नाम से मत टालो. जिस घर को मेरी माँ के मरने से फ़र्क़ नहीं पड़ता, उस घर में मुझे नहीं जाना.” शाबास पोरी! मला तिला कडकडून मिठी मारायची होती, पण जवळ जायची मनाई.

पण खरी अडचण महेश नव्हताच. रामकली आत खाटेवर बसली होती आणि हलत नव्हती. मी आत गेले, दार लावून घेतलं.

“चल.”

“नहीं दीदी.”

“का?”

ती मग मान खाली घालून म्हणाली, “वो काट देंगे. उसके बाद औरत में क्या बचता है?”

मला राग यायला हवा होता. आला नाही. कारण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मीही हेच विचारलं होतं, फक्त मोठ्याने नाही. मी मास्क तसाच ठेवला, पदर काढला, ब्लाउजची बटणं सोडली. तिने तोंड फिरवलं. मी म्हटलं, बघ. तिने बघितलं. काखेपासून मध्यापर्यंत आडवा व्रण, बाकी सपाट. मी तिचा हात धरला आणि तिथे ठेवला.

आता डाव्या बाजूला मध्ये काहीच उरलेलं नाही, त्यामुळे हात ठेवला की धडधड थेट हाताला लागते. मलाही ते नवीनच होतं.

रामकलीने हात तसाच ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, “बहुत तेज़ चल रहा है, दीदी.”

“तेरे लड़के से लड़कर आई हूँ. तेज़ नहीं चलेगा?”

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मीही. मग मी तिला ते सांगितलं, जे हवालदाराने शिपायाला कधी सांगायचं नसतं. “रामकली, मैंने तुझे ग़लत सिखाया था. मुझे माफ़ कर.” तिने माझी बटणं लावून दिली, एकेक करून, आणि खुंटीवरची शाल घेतली.

आता

रामकलीलाही कॅन्सरच निघाला. पण लहान, जागच्या जागी. डॉक्टरांनी फक्त गाठ काढली, काखेत काही नव्हतं. तिचे दोन्ही शाबूत आहेत. तुमच्यापासून काय लपवायचं, ती ड्रेसिंगसाठी ब्लाउज सोडून बसली होती तेव्हा मला तिचा हेवा वाटला. असा वाटला की मी उठून खिडकीपाशी गेले. माझीही गाठ अशी लहान असतानाच मी आले असते, तर? मग तिने मला हाक मारली, पिन लावून द्यायला, आणि मी परत आले.

माझे शेक संपले. डावा हात अजून पूर्ण वर जात नाही, पंप पाठीला लावायला मनाई आहे. मी शेतात उभी राहून गड्याला ओरडते, तेवढं डॉक्टरांनी चालू ठेवलंय. पुढचं काय, ते तपासण्या सांगतील. भीती गेलेली नाही. प्रत्येक तपासणीच्या आधी दोन दिवस मी कोणावर तरी उगाच खेकसते. पण विचारलं की खरं सांगते. दुखतंय, घाबरलेय, बघा.

छोटीचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांना रामकलीने पहिल्याच बैठकीत स्वतः सांगितलं. ते लोक काही पळून गेले नाहीत.

मागच्या महिन्यात मी रामकलीला म्हटलं, तुझ्या गावातून दोघी-तिघी तपासणीला तयार कर, छातीच्या फोटोचं मशीन चालतं त्या दिवशी मी जीप पाठवते, खिडकीवरच्या बाबूशी मी बोलते. ठरलेल्या सकाळी मी गावाच्या फाट्यावर तयार होऊन उभी. जीप आधी तिच्या गावाला जाऊन मग मला घेणार होती. साडेसातला रामकलीचा फोन आला, मागून नुसता बायकांचा कलकलाट.

“दीदी, ग्यारह हो गईं. छोटी की होने वाली सास भी बैठी है. आपको बिठाने की जगह नहीं है.”

“अगं, मग मी काय करू?”

“आप बस से आ जाओ,” ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मी बसने गेले.